दामिनी ॲप की गडगडाटाचे सेकंद?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू बागायतदाराने विचारलंय: एप्रिल-मेच्या वळिवात बोंडं गोळा करणाऱ्या माणसांसाठी विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर घालावं, की गडगडाट ऐकून काम थांबवावं?

पैसे दोन्हीला लागत नाहीत. ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं, मोफत आहे.

आगाऊ सूचनेत ॲप सरस. ते 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपलीकडून ऐकूच येत नाही. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. 30 सेकंद किंवा कमी आले, तर तेव्हाच निघायला हवं.

भरवशाचं गणित उलटं. डोंगरउतारावर रेंज जाते, फोन पिशवीत राहतो. कान सोबत असतात, पण गवत कापायचं यंत्र चालू असलं की तेही कामाचे नाहीत.

आणि निघून जायचं कुठे? पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत. उघडा मांगर (बागेतली झोपडी) नको, काजूचं झाड तर मुळीच नको. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबा; मजुरी बुडेल या धाकाने माणसं लवकर परततात, म्हणून ती अर्ध्या तासाची मजुरी मालकाने द्यावीच.

घर चार पावलांवर असलेल्या शेतकऱ्याला सेकंद मोजणं पुरेल. आडोशाला पोचायला वेळ लागतो किंवा यंत्र चालतं, तिथे ॲप हवं, तेही रेंजमध्ये बसलेल्या एका माणसाच्या हातात. रेंजच नसेल तर ढग काळवंडताच काम आवरा.