झाक तातीचा संपूर्ण संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

संच घरी आला त्याला आता नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर ‘संथ आहे, हसू फारसं येत नाही’ असं म्हणून तीन तारे देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं, आळस केला.

सात ब्लू-रे डिस्क आहेत. सहा पूर्ण लांबीचे चित्रपट आणि सातवीवर लघुपट. फ्रान्सच्या एवढ्या गाजलेल्या विनोदी दिग्दर्शकाने आयुष्यभरात केलेलं जवळपास सगळं काम एका हातात मावतं. आपल्याकडे ताती फारसा कुणाला माहीत नाही, पण मिस्टर बीन सगळ्यांना माहीत आहे. रोवन अ‍ॅटकिन्सनने तातीचं ऋण उघडपणे मान्य केलंय. फक्त बीनसारखं दर मिनिटाला काहीतरी धडपडेल या अपेक्षेने डिस्क लावू नका, माझं तेच चुकलं.

खरेदीची रड आधी उरकतो. संच लंडनच्या मावसबहिणीने येताना आणला. ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत: अमेरिका-जपान ए, युरोप बी, भारत सी. इथल्या दुकानदाराला प्लेअर घेताना विचारलं होतं, तर म्हणाला, “चालेल हो साहेब, सगळं चालतं.” नाही चालत. पडद्यावर शांतपणे ‘ही डिस्क या विभागाची नाही’ अशी पाटी येते आणि आपण सोफ्यावर मूर्खासारखे बसून राहतो. शेवटी सर्व विभाग चालवणारा प्लेअर वेगळा घ्यावा लागला. तेव्हा संचाची किंमत मोजताना प्लेअरचीही धरा. दुसरी तक्रार पुठ्ठ्याच्या पाकिटांची. इतकी घट्ट आहेत की डिस्क ओढून काढावी लागते. लघुपटांच्या डिस्कला पहिल्याच महिन्यात चरा पडला. मी आता सगळ्या डिस्क साध्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवतो आणि पाकिटं नुसती शोभेला.

आता माणसाबद्दल. जन्म १९०७, पॅरिसजवळच्या ल पेक गावचा. खरं आडनाव तातिशेफ, आजोबा रशियन. घरचा धंदा चित्रांना चौकटी करण्याचा आणि पोरानेही तो चालवावा अशी अपेक्षा. (यावर समीक्षकांनी कोट्या करून झाल्या असणार, मी करत नाही.) हा सहा फुटांच्या वर उंच गडी रग्बी खेळायला गेला आणि सामन्यानंतर सोबत्यांच्या नकला करून त्यांना हसवू लागला. त्यातून म्युझिक हॉलमध्ये खेळाडूंच्या मूकनकलांचा कार्यक्रम उभा राहिला. लेखिका कोलेतने १९३६ मध्ये त्याचं तोंड भरून कौतुक केलं: हा एकटाच खेळाडूही होतो, चेंडूही आणि रॅकेटही, अशा अर्थाचं. ते वाचून मला वाटलं होतं, लिहिणाऱ्यांचा नेहमीचा फुलोरा. पण सहाव्या डिस्कवर ‘पराद’ आहे, १९७४ चा, स्वीडिश टेलिव्हिजनसाठी केलेला सर्कशीचा कार्यक्रम. त्यात साठी उलटलेला ताती त्याच जुन्या नकला करतो. हातात काही नाही, अंगात साधा स्वेटर, आणि टेनिसचा चेंडू आपल्याला दिसतो. ‘पराद’ बाकी ठिकाणी कंटाळवाणा आहे, पण ती पाच-दहा मिनिटं मी निदान सहा वेळा लावली असेन.

पहिली डिस्क ‘जूर द फेत’ची, म्हणजे ‘जत्रेचा दिवस’. युद्धकाळात ताती मध्य फ्रान्समधल्या सँत-सेव्हेर गावाच्या आसपास आश्रयाला होता. १९४७ मध्ये तिथेच परत जाऊन त्याने चित्रण केलं, अर्धंअधिक गाव कामाला लावून. स्वतः झाला गावचा पोस्टमन. अमेरिकेत टपाल कसं झपाट्याने वाटतात याचा माहितीपट तो जत्रेत पाहतो आणि मग सायकलवरून तसंच करायला जातो. यातली रंगांची गोष्ट मला चित्रपटाइतकीच आवडली. तातीने थॉमसनकलर या नव्या फ्रेंच पद्धतीने रंगीत चित्रण केलं, पण धोका नको म्हणून शेजारी कृष्णधवल कॅमेराही ठेवला. नशीब ठेवला! कारण रंगीत फिल्मच्या प्रती काढणं काही कुणाला जमेना. १९४९ मध्ये चित्रपट काळा-पांढरा लागला. तातीची मुलगी सोफी हिने छायाचित्रकार फ्रांस्वा एदच्या मदतीने ते रंग १९९५ मध्ये पडद्यावर आणले, वडील जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. संचात दोन्ही रूपं आहेत. रंग फिकट, जुन्या लुगड्यासारखे आहेत. मला तरी काळं-पांढरंच बरं वाटतं.

१९५३ च्या दुसऱ्या चित्रपटात तातीने स्वतः साकारलेला मस्यू उलो येतो: तोंडात पाइप, घोट्याच्या वर पँट, पुढे झुकून चवड्यांवर चालणं. ब्रिटनी किनाऱ्याच्या दक्षिणेला सँ-मार्क-सुर-मेर इथल्या हॉटेलात तो सुट्टीला जातो, एवढीच कथा. सुरुवातीलाच रेल्वे स्टेशन आहे. भोंग्यातून घोषणा होते, ज्यातला एक शब्द कळत नाही, आणि अख्खी गर्दी जिने उतरून-चढून या फलाटावरून त्या फलाटावर धावत राहते. मी डोंबिवलीत राहतो. मला सबटायटलची गरज पडली नाही.

सबटायटलचंच सांगतो, कारण नऊ महिन्यांत हाती लागलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ती आहे. ती बंद करा. तातीच्या चित्रपटात बोलणं म्हणजे मागची कुजबुज असते. आपण सवयीने खालच्या ओळी वाचत बसतो आणि गंमत वर डाव्या कोपऱ्यात घडून जाते. त्याऐवजी आवाजाकडे लक्ष द्या. हे सगळे आवाज चित्रणानंतर, एकेक करून, त्याने बसवलेले आहेत. हॉटेलच्या जेवणघराचं ढकलायचं दार दर वेळी ‘टुंग’ करतं, कुणीतरी जाड तार छेडल्यासारखं. पहिल्यांदा लक्षात येत नाही. तिसऱ्यांदा वेटर त्या दाराकडे वळला की आपणच ओठांत ‘टुंग’ म्हणतो. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर हे अर्धंही पोचत नाही. मी जुने डेस्कटॉपचे स्पीकर जोडले आणि वेगळाच चित्रपट ऐकू आला.

मे महिन्यात भाचा आला, वय वर्षं दहा. त्याला ‘मों ऑन्क्ल’ दाखवला. इंग्रजीत याचं ‘माय अंकल’ होऊन जातं आणि नातं विरघळतं. मराठीत मात्र प्रश्नच नाही: उलो हा पोराच्या आईचा भाऊ, म्हणजे मामा. मामा एका कलत्या, जुन्या इमारतीत वर राहतो आणि बहीण-दाजींचं घर म्हणजे यंत्रांचं प्रदर्शन. स्वयंपाकघरात इतकी घरघर की माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. हा बंगला नीसच्या स्टुडिओत खास बांधला होता, चित्रकार झाक लाग्रांजच्या साथीने. अंगणात पत्र्याचा उभा मासा, त्याच्या तोंडातून कारंजं. बेल वाजली की बहीण धावत जाऊन मासा चालू करते. दारात भाऊच आहे किंवा सामान आणणारा आहे असं दिसलं की बंद. आपल्या घरी पाहुण्यांसाठी वरच्या फळीवरचे कप निघतात ना, तेच. (ताईने हे वाचू नये. तिच्याकडे मासा नाही, पण मी गेलो की दिवाणखान्यातलं झुंबर लागत नाही हे मी पाहून ठेवलंय.)

या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, १९५८ सालचं सर्वोत्तम परभाषिक म्हणून. हॉलिवूडला गेल्यावर त्याने स्टॅन लॉरेल, मॅक सेनेट, बस्टर कीटन या म्हाताऱ्या विनोदवीरांना भेटण्याची इच्छा धरली. भाच्याला यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्याने नेमकं एकच उचललं: चित्रपटातली टारगट पोरं रस्त्यावरून जाणाऱ्याला शिट्टी मारतात, तो मागे वळून पाहतो आणि खांबावर आपटतो. पुढचे चार दिवस सोसायटीच्या गेटपाशी काय चाललं होतं ते विचारू नका. शेवटी मामाला दूर नोकरीवर पाठवतात. विमानतळावर बाप त्याला थांबवायला शिट्टी मारतो, भलताच माणूस खांबावर आपटतो आणि बाप-लेक दडून बसतात, हातात हात घेऊन. भाचा खो-खो हसला. माझ्या मात्र तेव्हा लक्षात आलं की बाप-लेकाचं जमायला मामाला जावं लागलं.

आता ‘प्लेटाईम’. चौथी डिस्क. याच्यासाठी संच घ्या आणि याच्यामुळेच माझे आधीचे तीन तारे. पहिल्यांदा बत्तीस इंची टीव्हीवर पाहिला आणि चाळीस मिनिटांत झोपलो. ताती हा चित्रपट सत्तर मिलिमीटरवर करत होता. पॅरिसच्या आग्नेयेला, व्हँसेनच्या बाजूला त्याने काच आणि पोलादाची एक नगरीच उभारली: रस्ते, इमारती, स्वतःचं वीजघर. लोक तिला ‘तातीविल’ म्हणू लागले. वादळाने सेटची मोडतोड झाली, पैसे संपले, चित्रण थांबत-थांबत वर्षांमागून वर्षं लांबलं. डिसेंबर १९६७ मध्ये तो लागला तेव्हा प्रेक्षक उलोला शोधत होते, आणि उलो गर्दीत कुठेतरी एका कडेला. एवढंच काय, लांबून उलोसारखे दिसणारे तोतयेही तातीने मधूनमधून सोडलेत. कुणाकडे बघायचं ते तो सांगतच नाही. सगळी माणसं एकाच वेळी महत्त्वाची. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. राहतं घर गेलं, दिवाळं निघालं, आधीच्या चित्रपटांचे हक्कही हातचे गेले. त्याची इच्छा होती की तातीविल राहावी, तीही पाडली.

हा चित्रपट मला आईने शिकवला. शेजाऱ्याचा प्रोजेक्टर आणून समोरच्या भिंतीवर लावला होता आणि आई मटार सोलत बसली होती. तासाभराने त्या नव्या रेस्टॉरंटचा प्रसंग सुरू होतो, रंग अजून ओला असताना उद्‌घाटन. मी मधल्या टेबलाकडे बघत होतो. आई एकदम म्हणाली, “अरे, त्या बिचाऱ्याचे बूटही घेतले बघ!” कुणाचे? तिने भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. एका वेटरची पँट खुर्चीत अडकून फाटलेली असते, म्हणून त्याला बाहेर उभं केलंय. मग ज्याचा टाय सॉसमध्ये बुडाला तो त्याचा चांगला टाय नेतो, ज्याचं जाकीट उसवलं तो जाकीट नेतो, आणि हा उत्तरोत्तर चिंध्या होत जातो. आईला भाषा येत नाही, ताती कोण ते माहीत नाही. तिने मटारावरून नजर उचलली तेव्हा जिथे पडली तिथे गंमत होती. तेव्हापासून आम्ही दोघं वाटून घेतो, डावी बाजू तिची, उजवी माझी. एकाच टेबलाजवळ वाढायच्या माशाला तीन वेगवेगळे वेटर मसाला लावून जातात आणि गिऱ्हाईक मात्र उठून गेलेलं असतं, हे उजव्या बाजूचं. काचेचं दार फुटल्यावर द्वारपाल नुसती मूठ हातात धरून हवेतलं दार उघडतो-मिटतो, हे दोघांना दिसलं. आतापर्यंत अकरा वेळा पाहिलाय. दहाव्यांदा कळलं की प्रवास कंपनीच्या भिंतीवरच्या निरनिराळ्या देशांच्या पोस्टरांवर एकच इमारत छापली आहे.

‘त्राफिक’ १९७१ चा, उलोचा अखेरचा. कॅम्पिंगची गाडी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनाला न्यायची आणि ती वेळेत पोचत नाही. सिग्नलला थांबलेले चालक एकामागून एक नाकात बोट घालतात तो तुकडा अव्वल, बाकी सैल. १९८२ मध्ये ताती गेला तेव्हा पुढच्या चित्रपटाची संहिता तयार होती. पैसे देणारं कुणी उरलं नव्हतं.

कुणी घेऊ नये? एकदा पाहून कपाटात ठेवणाऱ्यांनी. छोट्या पडद्यावर फक्त ‘मों ऑन्क्ल’ आणि सुट्टीचा चित्रपट निभावतात. सोबतची पुस्तिका बरी आहे, छायाचित्रं छान, अक्षर मात्र मुंगीएवढं. एक तारा पाकिटांसाठी आणि त्या पाटीसाठी कापला. परवा दारावरची बेल वाजली तर आई आतूनच ओरडली, “मासा लाव रे!” कुरियरवाला होता. नाही लावला.