पहिली नवी गाडी: चार हॅचबॅक पाहिल्या, ठरवलं बाबांच्या गुडघ्याने आणि पार्किंगच्या पिलरने

गाडी घेऊन तीन महिने झाले, अडीच हजार किलोमीटर झालेत, त्यात एक गावची ट्रिप पण झाली, म्हणून आता लिहितेय. आधी लिहिलं असतं तर नव्या गाडीच्या आनंदात सगळंच छान छान लिहिलं असतं.

आम्ही भांडुपला राहतो. घरात मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, आणि आईबाबा आमच्याकडेच असतात. बाबा बेस्टमध्ये २९ वर्षं ड्रायव्हर होते आणि स्वतःची गाडी कधीच घेतली नाही. मार्चमध्ये त्यांच्या डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं, त्यानंतर आठवड्यातून तीनदा मुलुंडला फिजिओ, आणि रिक्षात चढताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा ठरलं की गाडी घ्यायची. नवरा गाडी चालवत नाही, म्हणजे चालवणार मी, त्यामुळे निवडणार पण मीच.

यादीत चार गाड्या होत्या. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो आणि ग्रँड आय टेन नियोस. बलेनो, आय ट्वेंटी, अल्ट्रोझ या मोठ्या हॅचबॅक बजेटच्या वर जात होत्या, आणि खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीत मोठी गाडी उभी करायला जागाच नाही. ऑफिसमधला एक जण म्हणाला टाटा पंच घे, उंच पण आहे आणि ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटवून सुरक्षितता तपासणारी संस्था) ५ स्टार पण आहेत. गाडी आवडली मला. लांबीला ती तेव्हा स्विफ्टपेक्षा लहानच होती, पण रुंदी १७४२ मिलिमीटर, आणि माझं सगळं गणित रुंदीवर अडकलं होतं.

ते कसं ते सांगते. आमचं पार्किंग स्टिल्टमध्ये, दोन पिलरच्या मधे. एका रविवारी मी आणि बाबा खाली टेप घेऊन गेलो, मोजलं तर पिलर ते पिलर साडेसात फूट, म्हणजे साधारण २२८५ मिलिमीटर. आता डावीकडे पिलरपासून १५ सेंटिमीटर सोडून गाडी लावली, तर माझ्या बाजूला दार उघडायला किती उरतं बघा. स्विफ्टची रुंदी १७३५, म्हणजे उरले ४० सेंटिमीटर. टियागो १६७७ आणि नियोस १६८०, म्हणजे ४५ च्या आसपास. वॅगन आर १६२०, म्हणजे ५१. हे सगळं आरसे सोडून. ब्रोशरमध्ये ११ सेंटिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, पण रोज संध्याकाळी खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात भाजी आणि त्या फटीतून बाहेर यायचं म्हटलं की ११ सेंटिमीटर म्हणजे खूप होतात. मुंबईत गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, शोरूमला जायच्या आधी आपलं पार्किंग मोजा. ज्यांना मेकॅनिकल स्टॅक पार्किंग आहे त्यांनी तर वरच्या कप्प्याची उंची पण विचारून घ्या, कारण वॅगन आर १६७५ उंच आहे आणि बाकीच्या तिघी साधारण दीड मीटरच्या.

दुसरी गोष्ट बाबांची. चारही ठिकाणी त्यांना बरोबर नेलं. पहिल्या शोरूममधला मुलगा त्यांना सोफ्यावर बसवून मला टचस्क्रीन दाखवायला लागला, मी म्हटलं आधी यांना गाडीत बसू दे. स्विफ्टमध्ये बसताना त्यांना खाली जावं लागलं, एक हात दाराला, एक डॅशबोर्डला, आणि उठताना मला हात द्यावा लागला. टियागो आणि नियोसमध्ये तेवढं नाही पण उठताना जोर लावावा लागलाच. वॅगन आरमध्ये ते खुर्चीत बसावं तसे बाजूने बसले, पाय आत घेतले, झालं. उठले पण स्वतःच. दोनदा करून दाखवलं. नंतर ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाले, "अगं, हिची काच मोठी आहे, पुढचा कोपरा दिसतो. बसमध्ये बसल्यासारखं वाटतं." बाबांच्या तोंडून गाडीबद्दल याहून मोठं कौतुक येणार नाही.

ऑटोमॅटिक घ्यायची हे आधीच ठरलं होतं. भांडुप ते पवई म्हणजे एलबीएस रोड, मग गांधीनगरचा सिग्नल, मग जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी विक्रोळी लिंक रोड, आणि तिथे क्लचवरून पाय उचलायची सोयच नाही. बाबांचं म्हणणं तर असं की त्यांचा डावा गुडघा क्लचनेच घेतला. या बजेटमध्ये ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, मारुतीवाले त्याला एजीएस म्हणतात. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मान जराशी पुढे जाते. चारही गाड्यांत हे कमी जास्त आहेच. गिअर पडायच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित हलका करायचा, आठवड्यात सवय होते. आणि चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची नाही, ब्रेकच दाबायचा, नाहीतर क्लच घासतो. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर एक दोन सेकंद गाडी मागे जात नाही, तेवढ्यात निघायचं. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. मी हट्टाने गांधीनगरच्या पुलावर नेली, संध्याकाळी साडेसहाला, एसी फुल. तिथे जे कळतं ते सपाट रस्त्यावर कळत नाही.

चालवायला मला सगळ्यात आवडली स्विफ्ट, हे मान्यच करते. २०२४ च्या मे महिन्यात नवीन आली ती, स्टिअरिंग चपळ, ६ एअरबॅग्ज आणि ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलला, आणि बाहेरून दिसते पण देखणी. पण तिचं आणि टियागोचं इंजिन तीन सिलिंडरचं, सिग्नलला उभं असताना ते थोडं जाणवतं. नियोसचं १.२ लिटरचं इंजिन चार सिलिंडरचं, फार शांत, इतकं की गाडी चालू आहे का बघावं लागलं. आतलं फिनिशिंगही नियोसचं मला उजवं वाटलं. एकटी असते किंवा आम्ही दोघंच असतो तर स्विफ्ट किंवा नियोसच घेतली असती.

वॅगन आरमध्ये दोन इंजिनं आहेत आणि इथे चूक करू नका. १.० ची ताकद ६७ पीएस, १.२ ची ९०. आम्ही पाच जण, डिकीत तांदळाचं पोतं आणि समोर खंबाटकीचा घाट, तिथे १.२ च पाहिजे. १.२ पण चार सिलिंडरचंच आहे. डिकी ३४१ लिटर, स्विफ्टची २६५, नियोसची २६०, टियागोची २४२. बाबांचा वॉकर न घडी घालता मावतो का हे मी शोरूममध्ये वॉकर नेऊन बघितलं. वॅगन आरमध्ये तिरका मावला.

आता जे घरात सगळ्यात जास्त गाजलं ते. स्टार. नवऱ्याने एक दिवस फोन पुढे केला. वॅगन आर, ग्लोबल एनकॅप, एप्रिल २०२३, १ स्टार. टियागोला जानेवारी २०२० मध्ये ४ स्टार, नियोसला नोव्हेंबर २०२० मध्ये २. तो म्हणाला बाबा चढतील उतरतील ते ठीक, पण आपली मुलगी मागे बसणार आहे. मी म्हटलं आपण ९० टक्के वेळा भांडुप मुलुंड पवई करणार, वीस तीसच्या स्पीडने. तो म्हणाला उरलेले १० टक्केच महत्त्वाचे आहेत ना. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाहीये.

मग मी दोन रात्री बसून वाचलं. २०२२ च्या मध्यापासून ग्लोबल एनकॅपचे नियम कडक झाले, आधी मुख्यतः समोरून ६४ च्या स्पीडने आपटून बघायचे, नंतर बाजूची धडक, ईएससी वगैरे आलं. म्हणजे २०२० चे ४ स्टार आणि २०२३ चा १ स्टार एका तराजूत घालता येत नाहीत. २०२३ ला तपासलेल्या वॅगन आरला २ एअरबॅग्ज होत्या, २०२५ मध्ये ६ सगळ्या मॉडेलला आल्या. टियागोला आम्ही बघितली तेव्हा २ च होत्या. पण एअरबॅग्ज वाढल्या म्हणून स्टार वाढले असं धरायचं नाही, पुन्हा तपासून कोणी सांगितलं तरच. हे मी नवऱ्याला पण असंच सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी बाबाच म्हणाले की ज्या गाडीत मला रोज बसता येणार नाही ती माझ्यासाठी घेऊ नका, आणि ज्या गाडीची तुम्हाला भीती वाटते ती पण घेऊ नका, तुम्ही ठरवा. आम्ही वॅगन आर ठरवली आणि घरात नियम केला. मागच्या सीटवर पण बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, मुलीला बूस्टर सीट, एक्सप्रेसवेवर ८० च्या वर नाही, आणि रात्रीचा प्रवास बंद. मागचा बेल्ट मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून तसाही सक्तीचा आहे, पण शेजारच्या गाड्यांत बघा, कोणी लावत नाही. तुमच्या घरात कोणाचा गुडघा दुखत नसेल आणि हायवेवर जास्त फिरणं असेल तर माझं बघून वॅगन आर घेऊ नका, खरंच.

सीएनजीचा विचार केला होता. तेव्हाच्या भावाने हिशोब असा, महिन्याला ६०० किलोमीटर, शहरात पेट्रोलवर लिटरला १४ धरलं तर १०३ रुपयांनी साधारण साडेचार हजार. सीएनजीवर किलोला २० धरलं आणि ८० रुपये भाव, तर चोवीसशे. महिन्याला दोन हजार वाचतात, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार, आणि गाडी जवळजवळ लाखभराने महाग. चार वर्षं नुसते ते वसूल करण्यात. त्यात वॅगन आरमध्ये सीएनजी घेतलं की ऑटोमॅटिक मिळत नाही, १.२ इंजिन पण मिळत नाही आणि टाकीने डिकी जाते, वॉकर ठेवू कुठे. टियागोत मात्र दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यात, डिकी बऱ्यापैकी वाचते, आणि सीएनजीत एएमटी पण मिळते. रोज ठाणे ते बीकेसी करणाऱ्याने टियागो सीएनजी नक्की बघावी, फक्त पंपावरच्या रांगेचा वेळ हिशोबात धरावा आणि दर तीन वर्षांनी टाकीची टेस्टिंग विसरू नये.

पैशाबद्दल थोडंच. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेच्या दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेस धरून २९ वरून १८ टक्के झाला, आम्ही ऑगस्टमध्ये बुकिंग करणार होतो ते थांबलो, चांगलंच झालं. पण कोटेशनची प्रत्येक ओळ वाचा. एका शोरूमने हँडलिंग चार्जेस लावले होते, कशाचे ते विचारलं तर नीट सांगता येईना, दुसऱ्या मिनिटाला काढून टाकले. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्या म्हणून फार मागे लागले होते. मी बाहेरून कोटेशन आणलं, सेम आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत), सेम झिरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई), तर बऱ्यापैकी स्वस्त, मग त्यांनीच भाव खाली आणला. मुंबईत इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट नक्की घ्या. पावसात पाणी इंजिनात गेलं आणि गाडी बंद पडल्यावर परत स्टार्ट मारली तर इंजिन जातं, आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही.

डिलिव्हरीच्या आधी गाडी उजेडात बघा. बाबांनी प्रत्येक टायर वाकून बघायला लावला, स्वतः वाकता येत नाही म्हणून मला बसवून. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्यावर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनी पण उघडून बघितली. एमएच ०३ ची पाटी लागली, दारात नारळ फोडला.

तीन महिन्यांत शहरात लिटरला १३ ते १४ किलोमीटर मिळतंय, गावाला जाताना १९ मिळालं. कंपनी २४ सांगते, ते विसरून जा. टाकी ३२ लिटरची, छोटी आहे, गावाला जाताना निघायच्या आधी भरून घेतो. ८० च्या वर वारा आणि टायरचा आवाज येतो, आणि उंच गाडी असल्यामुळे वळणावर झुकते, बाबा लगेच "सावकाश" म्हणतात. मागे तिघं बसले की मधल्याला अडचण होते, मुलगी मधे असते म्हणून चालतं, दोन चार वर्षांनी अवघड जाईल.

परवा फिजिओहून येताना मी गेटवर थांबवली, दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडायच्या आत बाबा उतरून वॉचमनशी बोलत उभे होते.