बीएस्सी पब्लिक हेल्थ, सोळा महिने वापरून

आधीच सांगते, नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून मी इकडे आले. समाजसेवेची ओढ वगैरे काही नव्हती. खासगी बीएएमएसची फी बाबांना झेपणारी नव्हती, आणखी एक वर्ष क्लास लावायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात मामेबहिणीने गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर टाकलं. हेल्थ सायन्सची बीएस्सी, विशेष विषय ग्लोबल पब्लिक हेल्थ. वर पृथ्वीच्या गोळ्याला स्टेथोस्कोप लावलेलं चित्र. आता तिसरं सेमिस्टर संपलंय आणि स्टेथोस्कोपला माझा एकदाही हात लागलेला नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही, माझ्या अजून तीन परीक्षा व्हायच्यात.

नाशिकमध्ये हा कोर्स करण्यात एक घोळ आहे. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आपल्याकडेच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. त्यामुळे "हेल्थ सायन्सला आहे" म्हटलं की नातेवाईक परस्पर डॉक्टर करून टाकतात. बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांनी पहिल्याच दिवशी मुद्द्याचं विचारलं, "नावापुढे डॉक्टर लागणार का?" नाही लागणार. या डिग्रीवर औषध देता येत नाही, इंजेक्शन देता येत नाही, दवाखाना टाकता येत नाही. आजीला समजावताना मी साथी, पाणी, डास, लसीकरण असं बरंच काही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे स्वच्छता निरीक्षक." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, घरात सगळ्यात जवळ तीच पोचली होती.

पहिलं सेमिस्टर वाईट गेलं. शरीररचना, बायोकेमिस्ट्री, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळं स्लाइडवरून आणि सगळं अकरावी-बारावीचंच पण अर्धवट. इंग्रजीचं म्हणाल तर वाक्यं कळतात, मुद्दा कळत नाही. नाशिक रोडहून सिटीलिंकच्या बसने द्वारका, सीबीएस करत पोचायला तास जायचा आणि पोचून कोणीतरी स्लाइड वाचून दाखवायचं. दिवाळीत मी कोर्स सोडणार होते, हे घरी अजून माहीत नाही.

थांबले ती एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे कुठला आजार कोणाला, कुठे आणि किती होतो या विषयाच्या मॅडममुळे. त्यांना एक सवय आहे. वर्गात कोणीही कुठलाही आकडा सांगितला की त्या विचारतात, "भागिले किती?" म्हणजे एकूण किती जणांपैकी. अमुक गावात इतकी मुलं दगावली. भागिले किती? आमच्या कॉलनीत डेंग्यूचे सहा पेशंट. भागिले किती? पहिला महिनाभर आम्ही त्यांची नक्कल करायचो. कँटीनमध्ये मिसळीचं बिल आलं की सगळे एका सुरात, भागिले किती.

पुस्तकात लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोची गोष्ट असतेच, १८५४ची कॉलऱ्याची साथ, त्याचा संशय असलेला ब्रॉड स्ट्रीटचा हापसा, त्या हापशाचा काढलेला दांडा. सगळीकडे तीच सांगतात. मॅडमनी त्याचीच दुसरी, जास्त कष्टाची गोष्ट सांगितली. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवायच्या आणि बऱ्याच भागांत एकाच गल्लीत एका घराला हिचा नळ, शेजारच्या घराला तिचा. साउथवार्क अँड वॉक्सहॉल कंपनी थेम्सचं पाणी शहराचा मैला मिसळलेल्या टप्प्यातून उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२मध्ये आपला उपसा वरच्या अंगाला हलवला होता. साथीत पहिल्या कंपनीच्या घरांत १,२६३ माणसं मेली, दुसरीच्या घरांत ९८. इथेच थांबलं तर कोणीही म्हणेल, पहिलीची गिऱ्हाइकंच जास्त असतील. होतीच. तिची घरं ४०,०४६, दुसरीची २६,१०७. भागाकार केला की दर १०,००० घरांमागे ३१५ आणि ३७ मृत्यू येतात. रॉबर्ट कोख या जर्मन शास्त्रज्ञाने कॉलऱ्याचा जंतू पटवून दिला तो १८८४च्या सुमाराला, म्हणजे स्नो तीस वर्षं आधी, जंतू हातात नसताना, नुसत्या छेदाच्या जोरावर सांगत होता की दोष पाण्यात आहे. त्या दिवशी मी बसमध्ये उभ्यानेच वहीतली ती कोष्टकं परत वाचली. द्वारकेच्या ट्रॅफिकचा तेवढाच उपयोग.

आणखी एक गोष्ट नाशिककरांना चटकन कळेल. इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स यात निम्मा वर्ग गोंधळतो. मला ते गंगापूर धरणाच्या बातम्यांवरून समजलं. पावसाळ्यात पेपरात रोज येतं, आवक इतकी, साठा इतका, विसर्ग इतका. ठरावीक काळात नव्याने आजारी पडणारे म्हणजे आवक, इन्सिडन्स. एका वेळी आजार असलेले एकूण म्हणजे साठा, प्रिव्हॅलन्स. बरे होणारे आणि मरणारे म्हणजे विसर्ग. मग कळतं, मधुमेहाचे उपचार सुधारले की मधुमेहींची संख्या वाढलेली दिसू शकते, कारण माणसं जास्त जगतात, विसर्ग कमी होतो. वाढलेला साठा दर वेळी वाईट बातमी नसते. हे मी परीक्षेत धरणासकट लिहिलं. मार्क कापले नाहीत, पण समासात प्रश्नचिन्ह होतं.

घरात उपयोग झाला तो स्क्रीनिंगच्या धड्याचा. आमचा मामा दर दिवाळीच्या ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप करतो आणि दर वेळी कुठल्या तरी ठळक छापलेल्या आकड्याने महिनाभर झोप घालवून बसतो. त्याला कागदावर मांडून दाखवलं. समज, हजारात एकाला असलेला एक आजार आहे. तपासणी एकदम भारी, आजारी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर पकडते आणि निरोग्याला ९९ टक्के वेळा बरोबर सोडते. १ लाख लोक तपासले. आजारी १००, त्यातले ९९ सापडले. निरोगी ९९,९००, त्यातले ९९९ चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आले १,०९८ आणि खरे आजारी त्यात ९९. अकरातला एक. मामाने दोनदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तपासायचंच नाही का?" तसं नाही मामा. लक्षणं असतील, घराण्यात आजार असेल तर अकरातला एक हे गणितच बदलतं. कोणाला तपासायचं हे आधी ठरवायचं असतं, पॅकेज बघून नाही. त्याने यंदाही पॅकेज घेतलंच, पण रिपोर्ट आल्यावर मला फोन केला. यालाच मी प्रगती समजते.

आता 'ग्लोबल' या शब्दाबद्दल, फीमध्ये त्याचेही पैसे धरलेले असतात. या पेपरवर माझा खरा राग आहे. कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरातला जागतिक जाहीरनामा, १९७८, प्राथमिक आरोग्य सेवा, 'सर्वांसाठी आरोग्य', आठ घटक, पाठ करा. पण त्या जाहीरनाम्याच्या आधी आठ वर्षं, १९७०मध्ये, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं होतं आणि गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. ते जामखेड आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आमच्या नोट्समध्ये त्याला दोन ओळी. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावच्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू खाली आणले, त्याला एक ओळ. कझाकस्तानला काय ठरलं ते नकाशावर दाखवा म्हणतात आणि जामखेडची सहल पेट्रोलच्या कारणाने रद्द होते. जग म्हणजे आपल्याला सोडून बाकीचं, असं काहीतरी या अभ्यासक्रमाच्या डोक्यात आहे.

एकच भाग अपवाद. १९७१, बांगलादेशचे निर्वासित, बनगावची छावणी, कॉलरा, आणि सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून मिसळला आणि ड्रमातून ते पाणी नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासचं चाराच्या आत आलं. मेडिकलवर मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीमागे ही छावणी आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं. नंतर वाचलं की बंगालमधल्या त्या माणसाला पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये, मरणोत्तर.

फील्डवर्क. माहितीपत्रकात 'दर महिन्याला' लिहिलंय, सोळा महिन्यांत मोजून चार वेळा झालं. पण झालं तेवढ्याने बाकीची भरपाई केली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत आम्हाला सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर नेलं. प्रश्नावली पुण्यात की दिल्लीत बनलेली, मराठी भाषांतर कोणी केलं देव जाणे. "गेल्या सात दिवसांत आपण फळांच्या किती सर्व्हिंग सेवन केल्या?" मी वाचलं आणि समोरच्या बाई हसायलाच लागल्या. आशाताई मधे पडल्या, "अगं बाळा, आधी पाणी पी. मग असं विचार, रानातलं काही खाल्लं का." बाईंनी बोरं सांगितली, करवंदाला अजून वेळ आहे म्हणाल्या. आमच्या यादीत बोराला रकानाच नव्हता. पुढच्या घरात तर कमाल. मागच्या वर्षीच्या बॅचने हीच प्रश्नावली तिथे भरून घेतली होती, तर आजी प्रश्न संपायच्या आत पर्यायाचा नंबर सांगत होत्या. "तीन. पुढं?"

लहान मुलांचं कुपोषण बघायला दंडाचा घेर मोजायची पट्टी आमच्याकडे होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत पिवळी, म्हणजे मध्यम. अंगणवाडीच्या यादीतली जवळजवळ निम्मी मुलं जागेवर नव्हती, घरांना कुलूप नाहीतर दाराला काटी लावलेली. सेविकाताई म्हणाल्या, "निफाडला गेलेत, द्राक्षाला." आम्ही 'अनुपस्थित' लिहिलं, हजर होती त्यांची टक्केवारी काढली आणि सादरीकरणात पिवळा-लाल पाय चार्ट लावून ए ग्रेड घेतली.

मॅडमनी तेव्हाही विचारलं होतं, भागिले किती. आम्ही म्हणालो, मोजली तेवढी.

यंदा नोव्हेंबरात प्रोजेक्टसाठी निफाडकडे एका बागेच्या कडेच्या झोपड्यांवर गेलो. वरच्या तालुक्यांतून आलेली कुटुंबं, पोरं मातीत. तिथल्या अंगणवाडीच्या यादीत ती नाहीत, 'बाहेरची' आहेत. त्यांच्या गावच्या यादीत ती आहेत, पण अनुपस्थित. एका मुलीच्या दंडाला पट्टी लावली, लाल आली. आता हे लाल कोणाच्या टक्केवारीत धरायचं? ज्या गावाचा छेद तिला मोजतो तिथे ती नाही, आणि जिथे ती आहे तिथल्या छेदात ती नाही. सेविकाताईंना सांगितलं, त्यांनी आपल्या जबाबदारीवर नाव चढवलं, आहार सुरू झाला. सगळ्या सेविका तसं करतातच असं नाही, आणि करायला त्यांच्या हातात फारसं काही नसतंही.

तेव्हापासून नियमांतले छेदही डोळ्यांत खुपायला लागले. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,०००मागे एक. बरं, पण कुठले लोक? शेवटची झालेली जनगणना २०११ची. आणि २०२७चा सिंहस्थ तर तोंडावर आलाय. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना त्यात काम मिळायची आशा आहे, मलाही. रामकुंडावर किती माणूस आलं याचे प्रत्येकाचे अंदाज वेगळे असणार. जुलाबाचे पेशंट बरोबर मोजले तरी खाली काय लिहायचं, यावर आम्ही पिंपळाच्या पारावर तासभर भांडलो. मागच्या वर्षी आमचं एवढ्या वेळ भांडण फक्त मेसवरून व्हायचं.

पैशाचं आणि नोकरीचं थोडक्यात. फी वर्षाला सत्तर हजारांच्या घरात, वर प्रवास. मी जाहिराती बघून ठेवते. उपकेंद्रावरची सीएचओची, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची पदं बीएएमएस आणि नर्सिंगवाल्यांसाठी, जिल्हा पातळीवरच्या जागांना बहुतेक एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) किंवा एमबीबीएस मागतात. नुसत्या या बीएस्सीवर संस्थांमधली सर्व्हेची, डेटाची कामं मिळतात, तीही प्रोजेक्टपुरती. म्हणजे एमपीएच धरूनच चला, पाच वर्षांचा हिशेब मांडा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं आमच्या माहितीपत्रकात होतं. भागिले किती, ते मी प्रवेशाच्या वेळी विचारलं नाही. तुम्ही विचारा. एपी इन्फो आणि कोबो ही सर्व्हेची माहिती भरायची, आकडे मांडायची फुकटची सॉफ्टवेअर घरीच शिकून ठेवा, आम्हाला दोन्ही शिकवायला तिसरं सेमिस्टर उजाडलं. गणिताचा कंटाळा असेल तर येऊ नका. लोकांच्या दारात उभं राहायची लाज वाटत असेल तर या, जाते ती.

राहिला डेंग्यूचा सर्व्हे. सप्टेंबरात सिडकोत आम्हाला शंभर घरं दिली होती. टॉर्च मारून ड्रम, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या बघायच्या आणि अळ्या दिसल्या की लिहायचं. वीस घरांना कुलूप. ऐंशी पाहिली, सहांत अळ्या. आमच्यातल्या एकाने सहा भागिले शंभर केलं. मी त्याला थांबवलं, हाउस इंडेक्समध्ये, म्हणजे अळ्या सापडलेल्या घरांच्या टक्केवारीत, पाहिलेल्या घरांनी भागतात. साडेसात टक्के आले. मी जराशी खूश होते. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, आणि त्या वीसांचं काय?

रविवारी संध्याकाळी मी आणि एक मैत्रीण परत गेलो. अकरा उघडी मिळाली. दिवसभर कामावर असणारी माणसं, पाणी आलं की भरून ठेवतात, आठवडाभर ड्रम हलत नाही. अकरांतल्या तिघांकडे अळ्या. एका काकांनी ड्रम आमच्यासमोरच ओतला आणि चहाला थांबवलं.

नऊ अजून राहिलीत. त्यातल्या एका घराची गच्ची शेजारच्या जिन्यातून दिसते. टाकीचं झाकण बाजूला पडलंय. मालक पुण्याला असतात, किल्ली कोणाकडे आहे ते शेजारी विचारून सांगणार आहेत.