सौ.चा नवा पासपोर्ट, माझं नूतनीकरण आणि पिनकोडचा घोळ : वापरानंतरचा अनुभव

परवा शेजारच्या पोराची पासपोर्टची फाईल आमची अडकली होती तिथंच अडकल्याचं कळलं, आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. फी, कागदपत्रं, अपॉइंटमेंट हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. मला बोलायचंय ते पिनकोडबद्दल आणि त्याच्याच पाठोपाठ येणाऱ्या पोलीस ठाण्याच्या रकान्याबद्दल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माणसाचं घोडं अडतं ते याच दोन रकान्यांत.

आमची मुलगी मस्कतला. तिचं पहिलं बाळंतपण, तेव्हा आईनं जायचं हे ठरलेलंच होतं. सौ.चा पासपोर्ट नवा काढायचा आणि माझा दहा वर्षांचा संपत आलेला, तो नवा करून घ्यायचा. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. आणि सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली की बाहेरचे देश बहुधा घेत नाहीत, म्हणून मीही लगोलग नंबर लावला. प्रत्येकी 1500 रुपये, 36 पानी. साठ पानी 2000 ला मिळतो, पण आमच्यासारख्यांची 36 पानंसुद्धा भरत नाहीत. ते पाचशे वाचवा.

अर्ज भरायला बाजारातल्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. त्यानं अर्जामागं पाचशे घेतले. वर सौ. सातवी शिकलेली आहे म्हटल्यावर म्हणाला, "दहावी नाही म्हणजे ईसीआर शिक्का बसणार वो काका, तो टाळायचा तर वेगळे पैसे पडतील." ईसीआर म्हणजे काही देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी परवानगी लागते, अशी पासपोर्टवरची नोंद. पण त्याचं म्हणणं साफ खोटं आहे. दहावी नसली तरी पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ईसीआर लागत नाही, प्राप्तिकर भरणाऱ्यालाही लागत नाही. सौ. छप्पन्न वर्षांची आहे. जावयानं फोनवर सांगितलं म्हणून ते पैसे वाचले. पण किती घरांतून असे पैसे गेले असतील, याचा विचार केला की अंगाचा तिळपापड होतो.

बेळगावचा अनुभव मात्र उत्तम, तो मोकळेपणानं लिहितो. माझा पहिला पासपोर्ट काढताना हुबळी गाठावी लागली होती. आता कॅम्पातल्या हेड पोस्टातच काम होतं. सौ.ला कर्नाटक सरकारच्या, बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं बसचं तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. तिकीट एकट्या माझंच. फोटो तिथंच काढतात, स्टुडिओत पैसे घालवू नका. सौ.च्या बोटांचे ठसे उमटेनात. जन्मभर भाताची लावणी, शेणगोठा आणि भांडी, रेषा राहणार कुठून? मशीनवरच्या मुलीनं ओलं फडकं आणलं, एकेक बोट पुसलं, स्वतःच्या हातानं काचेवर दाबून धरलं आणि "मावशी, घाई नाही, सावकाश" म्हणत दहाही बोटं घेतली. रांग मागं वाढत होती, पण तिच्या कपाळावर आठी नाही. माझ्या जुन्या पासपोर्टाचा कोपरा कापून तो परत दिला. दुपारच्या जेवणाआधी आम्ही बाहेर.

इथवर पाचपैकी पाच गुण. पुढं सगळं बिघडलं.

माझं नूतनीकरण लवकर छापून निघालं. बंगळूरहून स्पीड पोस्टनं सुटल्याचा मेसेज आला. ट्रॅकिंगवर बेळगावला पोचल्याचं दिसलं आणि तिथंच थांबलं. गावच्या शाखा डाकघरात विचारलं तर म्हणाले, आमच्या थैलीत आलंच नाही. मी पोस्टावर भडकलो, नाही नाही ते बोललो. शेवटी आधार घेऊन बेळगावला गेलो, ओळख पटवली, पाकीट घेतलं आणि वरचा पत्ता वाचला. गाव आमचं, तालुका खानापूर, आणि पिन 590001. तो बेळगाव हेड पोस्टाचा पिन. खानापूरचा 591302. सेंटरवाल्यानं प्रत्येक अर्जात सवयीनं शहराचा पिन ठोकून दिलेला. तेव्हापासून पोस्टाबद्दल माझी काही तक्रार नाही. पाकिटावर जो पिन आहे तिकडंच ते जाणार.

पण माझं पाकीट शेवटी मिळालं तरी. सौ.चा अर्ज नवा, त्याला पोलीस पडताळणी लागते, आणि तिथं या पोरानं कहरच केला होता. पिन शहराचा घातला म्हणून पोलीस ठाणंही शहराकडचंच निवडलेलं. बेळगाव शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे, काकती, मारीहाळसारखी आसपासच्या खेड्यांची ठाणीही त्याच्याकडंच. खानापूर आणि नंदगड ठाणी मात्र जिल्हा पोलिसांकडं, एसपींच्या हाताखाली. दोन्ही कार्यालयं बेळगावातच, पण कागद इकडचा तिकडं आपोआप सरकत नाही. शहरातल्या एका पोलिसाचा फोन आला, त्यानं गावाचं नाव ऐकलं, "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाला आणि फाईल तशीच परत पाठवली. त्यात त्याचा काय दोष?

त्यानंतर फाईल गप्प. स्टेटस बघावं तर रोज तेच वाक्य. इकडं मुलीचे दिवस भरत आलेले. सौ.नं डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवलेला. अळीव, खारीक, बाळंतविड्याचं सगळं बांधून झालेलं, आणि पासपोर्टाचा पत्ता नाही. मुलगी फोनवर धीरानं बोलायची, आणि फोन ठेवला की सौ. चुलीपाशी जाऊन बसायची. जेवायला वाढायची, पण स्वतः जेवायची नाही.

1800-258-1800 या टोल फ्री नंबरला लावलं. तिथल्या माणसानं नीट सांगितलं की बंगळूरच्या विभागीय कार्यालयाला फाईल नंबर आणि पत्त्याचा पुरावा जोडून लिहा, पडताळणी पुन्हा बरोबर ठाण्याकडं पाठवतात. पुतण्याकडून ईमेल करवलं, पंचायतीचा घरपट्टीचा उतारा जोडला. मग पुढची चक्रं हलली. ठाण्यातून बोलावणं आलं, गेलो. जमादारांनी "बर्री, कूड्री" म्हणून खुर्ची दिली, कागद पाहिले, दोन ओळखीच्यांची नावं विचारली. चहासुद्धा त्यांनीच पाजला. पैशाचं नाव कोणी काढलं नाही आणि मीही दिले नाहीत. पडताळणीची वेगळी फी नसते, हे पक्कं ध्यानात ठेवा. आपल्याकडं ठाण्यात बोलावणं आलं की माणूस आधी खिशात नोट चाचपतो. त्याची काही गरज पडली नाही.

पासपोर्ट आला, पण तोवर मस्कतला नात झाली होती. सौ. पोचली ती बाळ झाल्यावर. परक्या देशात लेक एकटी बाळंत झाली. जावईबापूंनी सगळं केलं, पण ती वेळ आईची होती. ती वेळ गेली आणि ती या पिनच्या सहा आकड्यांपायी गेली. म्हणून मी या गोष्टीवर एवढा अडून बसलोय.

पुस्तकाबद्दल सांगायचं तर ते चांगलं आहे. दोघांचेही नवे, चिपवाले, पुढच्या कव्हरवर खाली सोनेरी खूण. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर सौ.ला काही अडचण आली नाही, ईसीआरचा विषयही निघाला नाही. तिकडं पावसाचा थेंब नाही आणि परतल्यावर आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी, म्हणून पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत तांदळाच्या डब्यावर ठेवतो. अजून पानं ताठ आहेत.

आता शेजारचा पोरगा. गोव्यात हॉटेलात काम करतो, कतारला नोकरी लागतेय. तो नववीपर्यंत शिकलेला आणि पंचविशीचा, म्हणजे त्याला ईसीआर खरोखरच लागणार आणि नोकरीवर जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून परवानगीही घ्यावी लागणार. त्याला वेळ हवा. आणि त्याच सेंटरवाल्यानं त्याच्याही अर्जात तोच पिन घातलाय. बंगळूरला लिहायचं ईमेल मी त्याला तयार करून दिलंय.

गावाकडच्यांना माझं सांगणं एवढंच की अर्ज शक्यतो घरच्या शिकलेल्या मुलाकडून गव्ह.इनवाल्या सरकारी साईटवर भरून घ्या. सेंटरवर गेलातच तर शेवटचं बटण दाबायच्या आधी स्क्रीन आपल्याकडं फिरवायला लावा आणि पिन व ठाणं स्वतः वाचा. आपला पिन शाखा डाकघरातल्या पोस्टमनला विचारा, आधारवर छापलेल्यावरही विसंबू नका, तिथंही चुका आहेत.

सेंटरवाल्याकडं मी हजार रुपये परत मागितले. "काका, पिननं काय होतंय" म्हणत त्यानं चारशे दिले. उरलेले सहाशे घेतल्याशिवाय मी सोडणार नाही. बुधवारी बाजाराला गेलो की आधी त्याच्याच दारात उभा राहतो.