टाटा स्टील की लिव्हर?

एफडी मोडून थेट शेअर घ्यायचे ठरवले असेल आणि टाटा स्टील व हिंदुस्तान युनिलिव्हर यांत अडलात, तर दोन्ही जुन्या, मोठ्या आणि मुंबईच्याच आहेत म्हणून त्यांना एकाच मापाने मोजू नका. एकीचे मुख्यालय फोर्टातल्या बॉम्बे हाऊसमध्ये, दुसरीचे अंधेरीत. भागधारकाला पैसा मिळण्याच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

पोलादाचा भाव कंपनीच्या हातात नसतो. चीनमधली मागणी, कोळशाचा दर आणि सरकारी शुल्क तो ठरवतात. भट्टी, कामगार आणि कर्जाचे व्याज हे खर्च मात्र चालूच राहतात, त्यामुळे भाव थोडा चढला की नफा उसळतो आणि उतरला की कोसळतो. २०२१-२२ मध्ये टाटा स्टीलचा एकत्रित (म्हणजे उपकंपन्या धरून) नफा ४१,७०० कोटींच्या आसपास होता. पुढच्या वर्षी तो ८,००० कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ४,९०० कोटींचा तोटा झाला. त्या तोट्यात ब्रिटनमधल्या कारखान्याच्या पुनर्रचनेचा वाटा मोठा. मे २०२२ मध्ये सरकारने पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावले, तेव्हा एका दिवसात शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क उठलेही.

लाभांशाचा हिशेब नीट बघा. २०२१-२२ साठी शेअरमागे ५१ रुपये मिळाले. मग एका शेअरचे दहा झाले, म्हणजे नव्या मापाने ५ रुपये १० पैसे. पुढच्या वर्षी मिळाले ३ रुपये ६० पैसे. निवृत्तीनंतर याच पैशातून सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा असेल, तर ही घट जाणवणारच.

लिव्हरचे तसे नाही. मंदी आली तरी घरात साबण, चहा आणि भांड्यांचा बार लागतोच. फार तर लोक लहान पाकीट घेतात. कर्ज जवळपास नाही. त्याच तीन वर्षांत लाभांश ३४, ३९ आणि ४२ रुपये असा वाढत गेला.

तरीही लिव्हरच्या भागधारकाची संपत्ती वाढली का? मार्च २०२१ मध्ये साधारण २,४०० रुपयांना घेतलेला शेअर मार्च २०२५ मध्ये २,२५० च्या आसपास होता. याच काळात सेन्सेक्स सुमारे ४९,५०० वरून ७७,४०० वर गेला. कंपनी काही बिघडली नव्हती, पण घेणाऱ्याने वर्षाच्या नफ्याच्या जवळपास सत्तरपट भाव मोजला होता. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्के असताना असा भाव लोकांना पटतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्के झाला, एफडीवरचे व्याज वाढले, आणि मंद गतीने वाढणाऱ्या नफ्यासाठी सत्तरपट मोजायला गिऱ्हाईक उरले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. दरवर्षी लाभांश हवा असेल तर लिव्हर घ्या, पण सगळी रक्कम एकदम घालू नका आणि भाव नफ्याच्या किती पट आहे ते आधी काढा. टाटा स्टील फक्त अशाने घ्यावा, ज्याला पाच-सात वर्षे त्या पैशांची गरज नाही आणि तोट्याच्या बातम्या चालू असताना खरेदी करण्याची ज्याची छाती आहे. एकाचे दहा होण्याआधीच्या मापाने, मार्च २०२० मध्ये हा शेअर ३०० रुपयांच्या खाली होता आणि ऑगस्ट २०२१ मध्ये १,५०० च्या वर. विक्रमी नफा जाहीर झाल्यावर घेणाऱ्यांच्या वाट्याला मात्र नंतरची घसरण आली. घेण्याआधी वार्षिक अहवालात निव्वळ कर्जाचा (कर्जातून हातातली रोकड वजा करून उरणारा) आकडा शोधा. २००७ मध्ये कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे भागधारकांनी कित्येक वर्षे वाहिले आहे.