वैमानिक-नियंत्रक रेडिओ सेवा: सौजन्य उत्तम, पण मोजूनमापून

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक बोलतात त्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कर्कश शिट्टी ऐकू येते आणि दोन्ही संदेश वाया जातात. म्हणून इथलं सौजन्य आटोपशीर: नियंत्रकाने दिलेली नवी फ्रिक्वेन्सी कॉलसाइनसह (विमानाच्या रेडिओवरच्या नावासह) परत म्हणायची, मागे ‘गुड डे’ जोडायचं, झालं.

खरी कदर रीडबॅकमध्ये, म्हणजे मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवण्यात दिसते. धावपट्टी, उंची, दिशा, अल्टिमीटर सेटिंग (उंचीमापकासाठीचा हवेच्या दाबाचा आकडा) नीट परत आलं की नियंत्रकाचा एक फेरा वाचतो. नुसतं ‘रॉजर’ (संदेश मिळाला) म्हणणारा कितीही गोड बोलो, त्याला पुन्हा विचारावंच लागतं. आभाराचं लांबण उतरायला येणाऱ्या विमानांच्या गर्दीच्या अप्रोच फ्रिक्वेन्सीवर तर नकोच. सविस्तर आभार मानायचेच तर उतरल्यावर टॉवरला (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला) फोन करावा.