टोयोटा हायलक्स पिकअपला २६५/७० आर१७ टायर टाकले: पावसाळा, स्पिती आणि जैसलमेर करून आल्यावरचा अनुभव

ऑफरोडसाठी टायर बदलायचे म्हटलं की मुंबईत जो तो रुंदीचंच बोलतो, २८५ मिमीचे टाक, भारी दिसेल. माझं मत आता पक्कं झालंय की ट्रक घेऊन लांब फिरणार असाल तर रुंदी आहे तेवढीच राहू द्या, रिम लहान करा आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाढवा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी हेच केलं, आता उन्हाळा लागलाय.

माझ्या हायलक्सला मुळात २६५/६० आर१८ होते (रुंदी २६५ मिमी, साइडवॉल रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंच), म्हणजे साइडवॉल १५९ मिमी आणि पूर्ण टायरची उंची साधारण ७७५. फॉर्च्युनरच्या फोर बाय टूला येतो तो २६५/६५ आर१७ घेतला असता तर उंची जवळपास तीच राहून साइडवॉल १७२ मिळाली असती, मीटरमध्ये काहीच फरक नाही, आणि ज्यांना गाडीला हात लावायचा नाहीये त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा. २८५/७० आर१७ ची उंची जाते ८३१ वर, मग गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि आतलं प्लास्टिक कापणं आलं. मी मधला घेतला, २६५/७० आर१७ ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा), उंची ८०३, साइडवॉल १८५. लिफ्ट लागली नाही, पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर पुढचा मडफ्लॅप जरा घासत होता तो हीटगनने गरम करून मागे दाबला आणि विषय संपला. गाडीचा जमिनीपासूनचा क्लिअरन्स वाढतो फक्त १४ मिमी, त्यासाठी हा खर्च करू नका. खरा फायदा साइडवॉलचा आहे.

तो कळला स्पितीच्या वाटेवरच्या ग्रांफू ते बातल पट्ट्यात. गोल दगड, मध्येच रस्त्यावरून वाहणारे नाले. तिथे हवा २४ पीएसआयवर आणली आणि टायर दगडावर नुसता आपटायचा थांबला, दगडाला धरून वर चढायला लागला, रिमला एक खरचटा नाही. हवा कमी केली की जमिनीला टेकणारा भाग रुंदीत फार वाढत नाही, लांबीत वाढतो, आणि त्यासाठी रबर उंच लागतं. जैसलमेरला समच्या वाळूत १६ वर उतरवले तेव्हा तर हे उघड दिसत होतं. फक्त एवढ्या कमी हवेवर जोरात वळण घेऊ नका, टायर रिमवरून सुटतो. आणि कॉम्प्रेसर सोबत पाहिजेच, कमी हवेत डांबरावर पळवलं तर साइडवॉल तापून फाटते.

चिखलाचं मात्र सरसकट सांगता येत नाही. कोकणात लाल चिखलाखाली बऱ्याच ठिकाणी जांभा असतो, त्यामुळे अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि कडक जमीन पकडतो, दापोलीकडच्या आतल्या रस्त्यांवर भर जुलैत हाच टायर मस्त चालला. नगरकडची काळी माती वेगळी, खाली टणक असं लवकर काही लागतच नाही आणि ती खाचांमध्ये भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे साइज कुठलाही घ्या, ऑल टेरेन हतबल होतो, मोठ्या खाचांचा, खास चिखलासाठीचा मड टेरेनच लागतो. पण रोज वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मड टेरेनचा आवाज आणि पावसात ओल्या डांबरावरची त्याची ब्रेकिंग मला नको होती. साचलेल्या पाण्यात पण जास्त रुंद टायर लवकर तरंगतो, मुंबईकराने हे विसरू नये.

आता मीटर. टायर साडेतीन टक्क्यांनी मोठा, म्हणजे मीटरवर ५०० दिसले तर खरे ५१८ किमी झालेले असतात. अॅव्हरेज घसरला म्हणून ओरडण्याआधी हा हिशोब करा, थोडा घसरतोच पण मीटर दाखवतो तेवढा नाही. घाटात भरलेल्या गाडीला एक गिअर खाली जावं लागतं हे खरंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानात एसएल (स्टँडर्ड लोड, साधा) की एलटी (लाइट ट्रक, जास्त मजबूत) ते विचारा. याच साइजमध्ये साधा एसएल ११५ लोड इंडेक्सचा (वजन पेलायच्या क्षमतेचा आकडा) मिळतो, म्हणजे एका टायरवर १२१५ किलो, आणि ई लोड रेंजचा एलटी १२१ चा, म्हणजे त्याहून जास्त. एलटी कापला लवकर जात नाही पण जड आणि कडक असतो, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते, त्यामुळे जुने आकडे तसेच भरू नका. आम्ही दोघं, तंबू आणि पाण्याचे कॅन एवढाच लोड असतो, मला एसएल पुरला. मागे कायम सामान लादून खडकात जाणाऱ्याने एलटीच घ्यावा.

आणि पाच घ्या, चार नाही. स्टेपनी जुन्या साइजची ठेवलीत आणि रानात ती मागे लावून फोर बाय फोर टाकलं तर उंचीतला फरक गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलवर येतो. मी पाचही टायर फिरवून लावतो, म्हणजे झीज सारखी राहते.